कोल्हापूर पहिल्यांदा पाहताना : कोणतं संग्रहालय आधी?

आजचा विषय कदाचित इतिहासाच्या व्याख्यानाचा वाटणार नाही. प्रवासाच्या पुस्तिकेत शोभेल असाच आहे. कोल्हापूरला पहिल्यांदा येणाऱ्या माणसानं कोणती संग्रहालयं पाहावीत, हा तो विषय. पण मला तो इतिहासाचाच प्रश्न वाटतो. का, ते सांगतो.

सुट्ट्यांचे दिवस आले की मला फोन येतात. "सर, शनिवारी कोल्हापूरला येतोय. सकाळी अंबाबाईचं दर्शन, मग मिसळ, दुपारी एखादं म्युझियम बघू म्हणतो. कोणतं बघू?" बरीच वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं. न्यू पॅलेस बघा. राजवाडा भव्य आहे, मुलांना आवडतो, गाडी लावायला जागा आहे. हे सांगून मी मोकळा व्हायचो.

मग एकदा विदर्भातल्या एका मित्राचा मुलगा आला. कॉलेजात शिकणारा, हुशार पोरगा. माझ्या सांगण्यावरून त्यानं राजवाडा पाहिला आणि संध्याकाळी मी त्याला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. गाडीत चढता चढता तो म्हणाला, "काका, शाहू महाराजांना शिकारीचा फार नाद होता ना?"

तो चुकीचं काही बोलला नव्हता. शाहू महाराज शिकार करत, आणि राजवाड्यात पेंढा भरलेले वाघ-बिबटे आहेतच. पण १९०२ साली आपल्या संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणारा राजा या मुलाच्या मनात शिकारी म्हणून राहिला. आणि तसा तो राहिला, याला त्याचा आळस कारण नव्हता. त्याच्या हाताशी एकच दुपार होती आणि त्या दुपारी कुठे जायचं ते मी सांगितलं होतं.

तेव्हापासून मी या प्रश्नाचा नीट विचार करायला लागलो. माणूस एखाद्या शहरात पहिल्यांदा येतो, दोन-चार तास काही पाहतो, आणि त्या शहराचं जे चित्र त्याच्या मनात बसतं ते बहुतेक वेळा आयुष्यभर तसंच राहतं. दुसऱ्यांदा येणारे थोडे. म्हणून कुठे आधी जायचं, ही निवड दिसते तेवढी किरकोळ नाही.

आता एक साधी गोष्ट. संग्रहालयात शहराचा सगळा इतिहास नसतो. कुणीतरी, कधीतरी, काही कारणानं जे जपलं तेवढंच तिथे असतं. म्हणून दारातून आत जाताना तीन प्रश्न सोबत ठेवायचे : हे जपलं कुणी? कधी? आणि काय जपायचं राहून गेलं? कोल्हापूरच्या बाबतीत हे प्रश्न विचारायला फार मजा येते, कारण इथलं प्रत्येक संग्रहालय वेगळ्या हातानं उभं राहिलं आहे.

आधी टाऊन हॉल

आज मी पहिलं नाव टाऊन हॉलचं घेतो. भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर हॉस्पिटलच्या समोर. बागेतली जुनी झाडं, मधे गॉथिक धाटणीची टुमदार दगडी इमारत. १८७२ ते १८७६ या काळात ती बांधली गेली. आज तिथे राज्य शासनाचं वस्तुसंग्रहालय आहे. कोल्हापूरचे कितीतरी लोक त्या बागेत सावलीला बसतात, पण आत जात नाहीत. मीही लहानपणी त्यातलाच.

हे संग्रहालय उभं राहिलं त्यामागे पंचगंगेच्या काठावरची एक टेकडी आहे, ब्रह्मपुरी. चाळीसच्या दशकात तिथे जमिनीतून काशाच्या वस्तूंचा एक साठा निघाला. राजाराम कॉलेजातले प्राध्यापक के. जी. कुंदनगार यांनी तो ओळखला आणि अभ्यासला. कुंदनगार कन्नडचे पंडित, शिलालेखांचे जाणकार. कोल्हापूर संस्थान आणि उत्तर कर्नाटकातले शिलालेख त्यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केले होते. आज आपण सीमेवरून भांडतो. पण मराठी संस्थानाच्या राजधानीचा जुना ठेवा एका कन्नडच्या प्राध्यापकानं राखला, हे विसरायचं नाही. अभ्यासक आजही या साठ्याला कुंदनगारांच्या नावानंच ओळखतात.

पुढे १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीवर शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. सातवाहन काळातली विटांची घरं, भांडी, मणी, नाणी असं बरंच काही हाती आलं. त्याच सुमारास संग्रहालय सुरू झालं आणि काही वर्षांत ते टाऊन हॉलमध्ये आलं. म्हणजे आधी इमारत, मग तिच्यात ठेवायला वस्तू, असं इथे झालं नाही. जमिनीतून आलेल्या वस्तूंना घर हवं होतं, म्हणून संग्रहालय झालं.

त्या साठ्यातली एक मूर्ती बघायला मी माणसांना मुद्दाम पाठवतो. वीतभरापेक्षा लहान, काशाची, समुद्रदेव पोसायडनची. रोमन जगात घडलेली. तिच्याबरोबरच्या वस्तूंमध्ये इटलीकडून आलेली काशाची भांडी आहेत, आरसा आहे, आणि हत्तीवर बसलेल्या माणसांचं एक छोटं, फार गोड शिल्प आहे. ते मात्र आपल्याकडचं.

आता विचार करा. कोल्हापूरला समुद्र नाही. मधे सह्याद्री आहे. मग समुद्राचा देव इथे आला कसा? दोन हजार वर्षांपूर्वी रोमन साम्राज्याच्या बाजारपेठांमधून निघालेली गलबतं मोसमी वाऱ्यावर कल्याण, चौलसारख्या बंदरांना लागत. तिथून बैलांच्या पाठीवर लादलेला माल घाट चढून देशावर यायचा. तसाच हाही ठेवा आला असणार. कुणा व्यापाऱ्यानं आणला, कुणा हौशी माणसानं घरात ठेवला, कुणी भेट म्हणून दिला, ते कळायला मार्ग नाही. पण एवढं नक्की कळतं की घाटमाथ्यावरचं हे गाव तेव्हाही जगाशी जोडलेलं होतं.

म्हणून टाऊन हॉल आधी. कोल्हापूर म्हटलं की आपण छत्रपतींच्या गादीपासून सुरुवात करतो. करवीरची गादी अठराव्या शतकातली. ब्रह्मपुरीची घरं तिच्यापेक्षा दीड हजार वर्षांहून जुनी. ही खोली एकदा लक्षात आली की पुढचं सगळं आपोआप आपापल्या जागी बसतं. तिथली दगडी शिल्पं बघा, शस्त्रं बघा, आणि आबालाल रहिमान या चित्रकाराचं नाव लक्षात ठेवा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आलेला, शाहू महाराजांच्या आश्रयाला असलेला हा अवलिया. महाराज गेल्यावर त्यानं आपली असंख्य चित्रं कोटितीर्थ तलावात सोडून दिली, अशी आठवण कोल्हापुरात सांगतात. जे उरलं त्याची किंमत त्यामुळे आणखी वाढते.

एक व्यवहाराची सूचना. सरकारी संग्रहालयं सहसा सोमवारी बंद असतात. आणि अशा महत्त्वाच्या वस्तू कधी प्रदर्शनासाठी बाहेर गेलेल्या असतात, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. तेही आनंदानं सांगतात, कारण विचारणारे फार नसतात.

मग राजवाडा

टाऊन हॉलच्या पायरीवर उभं राहून समोरच्या सीपीआरकडे बघा. टाऊन हॉल, हे हॉस्पिटल आणि न्यू पॅलेस, या तिन्ही इमारतींचा आराखडा एकाच माणसाचा : मेजर चार्ल्स मँट. बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसचा मूळ आराखडाही त्याचाच.

आणि त्याची एक चौथी वास्तू आहे, ती कोल्हापुरात नाही. १८७० साली कोल्हापूरचे तरुण राजे राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाला गेले. काय पाहिलं, कुणाला भेटलो, याची रोजनिशी ते इंग्रजीत लिहीत. ती पुढे लंडनमध्ये छापली गेली. परत येताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत, फ्लॉरेन्सला त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. तिथल्या नदीकाठी त्यांच्यावर आपल्या पद्धतीनं अग्निसंस्कार झाले. त्या जागी आज छत्री उभी आहे, आत महाराजांचा अर्धपुतळा आहे. त्या छत्रीचा आराखडा मँटचा. रोमन जगातला देव कोल्हापूरच्या मातीत मिळतो आणि कोल्हापूरच्या राजाची छत्री इटलीत असते. इतिहासात असे योगायोग घडतात. आपण फक्त ते शेजारी ठेवून बघायचे.

आता न्यू पॅलेस. १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला, काळ्या दगडाचा, मधे अष्टकोनी मनोरा आणि त्यावर घड्याळ. खालच्या मजल्यावर संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावर राजघराण्याचं राहतं घर. हे विसरायचं नाही : आपण सरकारी दालनात नसतो, एका घराण्याच्या घरात पाहुणे असतो. त्या घरानं आपल्या आठवणी आपल्याला दाखवल्या आहेत. शस्त्रं, पोशाख, अंबाऱ्या, चांदीच्या वस्तू, शिकारीचे प्राणी आणि तो सुंदर दरबार हॉल. तिथल्या रंगीत काचांवर शिवछत्रपतींच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. दुपारच्या उन्हात त्या काचा बघाव्यात.

मग राजवाड्याबद्दल माझी तक्रार काय? तक्रार नाहीच. घराणं आपल्या घरात आपल्या वस्तू ठेवणार. फक्त वस्तूंनी सांगता येतं तेवढंच वस्तू सांगतात. पन्नास टक्के जागांचा हुकूम हा एक कागद आहे. पेंढा भरलेल्या वाघासमोर कागदाचा काय निभाव लागणार? लहान मूल वाघाकडेच धावणार. मोठी माणसंही तिकडेच धावतात, हे मी पाहिलंय.

म्हणून राजवाड्यात जाताना दोन-तीन तारखा खिशात ठेवा. बांधकाम चालू होतं तेव्हा गादीवरचे तरुण शिवाजी महाराज वेडे ठरवले गेले होते. त्यांच्या छळाच्या बातम्यांवरून 'केसरी' आणि 'मराठा'नं लिहिलं, बदनामीचा खटला झाला आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरला त्या महाराजांचा अंत झाला. लगेच मार्च १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा नऊ वर्षांचा यशवंतराव दत्तक आला. तेच पुढे शाहू महाराज. राजवाडा पुरा झाला तोही याच वर्षी. या भिंती उभ्या राहताना गावात काय चाललं होतं, हे माहीत असलं की तो राजवाडा नुसता देखणा राहत नाही.

तिसरं आपल्या आवडीचं

दोन झाली. एका दिवसात तिसरं एक जमतं. इथे मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देतो.

चित्रांची, सिनेमाची आवड असेल तर राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय. चंद्रकांत म्हणजे भालजी पेंढारकरांच्या 'छत्रपती शिवाजी'मधले शिवाजी महाराज. आमच्या आईच्या पिढीसाठी महाराजांचा चेहरा म्हणजे चंद्रकांतच. पण हा नट मुळात चित्रकार होता. निसर्गचित्रं, पावडर शेडिंगची कामं त्यांनी आयुष्यभर केली आणि आपलं राहतं घर चित्रांसकट शासनाला देऊन टाकलं. १९८७ पासून ते संग्रहालय आहे. आजूबाजूला कॉलनीतली घरं, आत एका माणसाचं सगळं आयुष्य. तासाभरात पाहून होतं.

साहित्याची आवड असेल तर शिवाजी विद्यापीठातलं वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय. खांडेकर शिरोड्याहून १९३८ मध्ये कोल्हापूरला आले आणि इथलेच झाले. मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ 'ययाति'साठी त्यांनाच मिळालं. विद्यापीठाचा परिसरही त्यानिमित्तानं पाहून होतो.

मुलं बरोबर असतील तर लोक कणेरी मठाचं नाव घेतात. शहराबाहेर, महामार्गाच्या बाजूला असलेलं सिद्धगिरी ग्रामजीवन म्युझियम. अनेकजण त्याला वॅक्स म्युझियम म्हणतात, पण ते पुतळे मेणाचे नाहीत, सिमेंटचे आहेत, आणि उघड्यावर शेतात मांडलेले आहेत. नांगरट, मळणी, सुतार, लोहार, कुंभार, बारा बलुतेदारांचं अख्खं गाव. शहरात वाढलेल्या पोरांना मोट काय, पाभर काय, हे तिथे एका फेरीत कळतं. मी स्वतः नातवंडांना घेऊन गेलोय आणि पोरं रमली.

पण तिथेही तो तिसरा प्रश्न विचारायचा. काय राहून गेलं? पुतळ्यांच्या गावात सगळे शांत असतात. खऱ्या गावात पाणवठे वेगळे होते. बलुतं कुणाला किती मिळायचं यात उतरंड होती. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं बंद करून तलाठी नेमले, महार वतनं खालसा केली. गाव जसं होतं तसं चांगलं होतं असं त्यांना वाटलं असतं, तर हे त्यांनी कशाला केलं असतं? आजोबांनी नातवाला मोट दाखवावी आणि हेही सांगावं. दोन्ही खरं आहे.

भिंती नसलेलं संग्रहालय

आता शेवटचं. ज्याला तिकीट नाही ते.

टाऊन हॉल ज्या भाऊसिंगजी रोडवर आहे, त्याच रस्त्यावर एके काळी गंगाराम कांबळे यांचं चहाचं हॉटेल होतं. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाच्या हातचा चहा गावात कोण पिणार? तर शाहू महाराज स्वतः तिथे थांबून चहा प्यायचे आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही प्यायला लावायचे. पोसायडन पाहून बाहेर पडलात की त्या रस्त्यावर दोन मिनिटं उभं राहा. मग राजवाड्यात जा. त्या मुलाला मी हे आधी सांगितलं असतं, तर एसटीत चढताना त्यानं वेगळं काही विचारलं असतं.

तसंच सिनेमाचं. १९२० मध्ये बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात 'सैरंध्री' काढला. पुढे १९२९ मध्ये 'प्रभात'ही इथेच सुरू झाली, मग पुण्याला गेली. त्या मूकपटांपैकी बहुतेक आज आपल्याला बघता येत नाहीत, फिल्मच शिल्लक नाही. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तो बघा. जे उरलं नाही त्याची खूण म्हणून बघा.

आणि जपायचं राहिलं तर काय होतं, हे आपण परवा-परवाच पाहिलंय. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेलं पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभी असलेली माणसं घरातलं कुणी गेल्यासारखी रडत होती. ज्या पाहुण्यांना मी कधी "ते राहू दे, पुढच्या वेळी बघा" म्हणालो होतो, त्यांना ते जुनं थिएटर आता कधीच दिसणार नाही.

तर तुमचा दिवस असा आखा. सकाळी लवकर दर्शन. मंदिराचे खांब आणि बाहेरच्या भिंतींवरची शिल्पंही निरखून बघा, नुसती रांग नको. मग टाऊन हॉल, निदान एक तास. जेवण. दुपारी राजवाडा, दोन तास, तारखा खिशात. संध्याकाळी मांडरे किंवा खांडेकर, वेळ आधी विचारून. कणेरी असेल तर त्याला दुसऱ्या दिवसाची सकाळ द्या. एका दिवसात सगळं उरकायचा हट्ट करू नका. पाच ठिकाणचे फोटो काढण्यापेक्षा दोन ठिकाणचं काहीतरी लक्षात राहू द्या.

आणि तुमच्यापैकी जे कोल्हापूरचेच आहेत, त्यांना एवढंच म्हणेन. पुढच्या रविवारी टाऊन हॉलच्या बागेत बसाल तेव्हा उठून आत जा. पाहुणे आले की त्यांना आधी तिथे न्या. आपण जे दाखवू तेच कोल्हापूर म्हणून ते घेऊन जाणार आहेत.